एक्स्चेंज सेमिस्टर: पैसे कधी लागतात आणि बॅगेत काय नको

एक्स्चेंजला, म्हणजे एखादं सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात शिकायला, निवड झाल्याचा मेल आला की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: एकूण खर्च किती येईल? मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, पहिल्या दोन आठवड्यांत तुझ्या हातात किती पैसे असतील? सेमिस्टरचा एकूण आकडा बहुतेकांनी नीट काढलेला असतो. घोडं अडतं ते उतरल्यानंतरच्या पंधरवड्यात. खर्च सगळे एकदम अंगावर येतात आणि पैसे मात्र कुठल्यातरी खात्यात, कुठल्यातरी कागदाची वाट बघत पडून असतात. बॅगेचंही तेच. सहा महिने पुरेल एवढं सामान कुणालाच नेता येत नाही, आणि नेण्याचा प्रयत्न केला की बॅग जड होते, तरी पहिल्याच रात्री हवी ती वस्तू नेमकी नसतेच. म्हणून पैसे आणि बॅग या दोन्हींचा हिशोब मी पहिल्या दोन आठवड्यांपासून मांडायला सांगते.

माझं सेमिस्टर जर्मनीत झालं, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील. ओळखीतली काही मुलं जपानला आणि अमेरिकेला गेली होती, त्यांच्याकडून कळलेलंही मधूनमधून सांगते. आकडे आणि नियम बदलत असतात. अर्ज करायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर ते पुन्हा एकदा बघाच.

फी माफ म्हणजे नेमकं काय माफ

दोन विद्यापीठांत करार असेल तर आपण फी आपल्याच विद्यापीठात भरतो आणि होस्ट विद्यापीठ, म्हणजे आपण जिथे जाणार ते, शिकवणीची फी घेत नाही. इतकंच माफ असतं. जर्मनीत प्रत्येक सेमिस्टरला एक ‘सेमिस्टर वर्गणी’ भरावी लागते. तिच्यातून विद्यार्थी सेवा, मेस वगैरे चालतं आणि बऱ्याच ठिकाणी शहरातला बस-ट्रामचा पासही त्यातच येतो. ही वर्गणी एक्स्चेंजवाल्यांनाही असते आणि ती भरल्याशिवाय विद्यार्थी ओळखपत्र मिळत नाही. त्यामुळे गेल्या गेल्या महिन्याचा पास काढू नका, आधी वर्गणीत काय काय येतं ते विचारा. करार नसताना स्वतःहून जाणाऱ्याला ‘फ्रीमूव्हर’ म्हणतात, आणि त्याला पूर्ण फी पडू शकते. आपण नेमके कुठल्या रांगेत आहोत, हे लेखी विचारून घ्या.

युरोपातला इरॅस्मस हा विद्यार्थी एक्स्चेंजचा कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला, तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. आज इरॅस्मस प्लस या नावाने तो युरोपाबाहेरच्या विद्यापीठांशीही करार करतो. शिष्यवृत्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण ती खर्चाला हातभार लावण्यासाठी असते, सगळा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरू नका. शिवाय ती अनेकदा हप्त्यांनी मिळते आणि शेवटचा हप्ता परत आल्यावर, कागद जमा केल्यावर येतो. म्हणजे बजेटच्या कागदावर ती ‘जमा’ दिसते, पण पहिल्या आठवड्याचं भाडं त्यातून भरता येईलच असं नाही.

सगळ्यांत मोठा छुपा खर्च मात्र पैशांच्या यादीत कधीच नसतो. तो आहे क्रेडिटचा. युरोपात एका सेमिस्टरचे ३० आणि वर्षाचे ६० ईसीटीएस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायची तिथली पद्धत) धरतात, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास. तिथे केलेला विषय आपल्या विद्यापीठाने धरला नाही, तर तोच विषय परत आल्यावर पुन्हा करा, कदाचित एक सेमिस्टर जास्त भरा. म्हणून ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’वर, म्हणजे तिथे कुठले विषय करणार याच्या करारावर, तुमची, आपल्या विद्यापीठाची आणि होस्ट विद्यापीठाची अशा तिन्ही सह्या आल्याशिवाय तिकीट काढायची घाई करू नका. तिथे गेल्यावर दोन विषयांची वेळ एकच निघणं, एखादा विषय त्या वर्षी नसणं, हे हमखास होतं. बदल करावाच लागतो. तो नुसता मेलवर किंवा तोंडी न ठेवता बदललेला करार सह्यांसकट परत घ्या.

आणि तिकीट काढण्याआधी परीक्षेच्या तारखा विचारा. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. वर्ग मात्र साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्यानंतरही चालू राहू शकतात. तोपर्यंत आपल्या विद्यापीठाचं पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. स्वस्त मिळालं म्हणून तारीख न बदलता येणारं परतीचं तिकीट घेणाऱ्यांची इथे तारांबळ उडते. बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी मी तेच घ्यायला सांगेन.

बजेट महिन्याचं नको, तारखांचं करा

महिन्याचा खर्च गुणिले महिने, अधिक विमान. असं बजेट चुकीचं नसतं, अपुरं असतं. त्यातून कुठल्या तारखेला किती रोख लागेल ते कळत नाही.

जर्मनीचंच घ्या. व्हिसासाठी पैशांचा पुरावा म्हणून बहुतेक जण ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने रक्कम ठेवावी लागते. सेमिस्टर कमी महिन्यांचं असेल तर तेवढ्याच महिन्यांची. हे पैसे आपलेच असतात, पण दर महिन्याला ठरलेला हप्ताच बाहेर येतो, आणि तो यायला युरोपातलं चालू खातं लागतं. चालू खात्यासाठी बऱ्याच बँका पत्ता नोंदणीचा दाखला मागतात. पत्त्याची नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे, पण त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो आणि पालिकेच्या कार्यालयात वेळ घ्यावी लागते. मोठ्या शहरात ती वेळ लगेच मिळत नाही. एक कागद अडला की मागचे सगळे थांबले.

आता दुसरी बाजू बघा. समजा खोलीचं भाडं ४०० युरो आहे. डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ८००. (जर्मन कायद्यात डिपॉझिटची मर्यादा तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी आहे, वीज-हीटिंगचे पैसे त्यात धरायचे नाहीत.) पहिल्या महिन्याचं भाडं ४००. सेमिस्टर वर्गणी २५० धरू. उशी, पांघरूण, एखादं भांडं, सिम कार्ड असं करत १००. झाले १,५५०. हे सगळं बहुधा पहिल्या दहा दिवसांत. हातात यायचा हप्ता ९९२ चा, आणि तोही खातं उघडल्यावर.

म्हणून मी पैशांचे तीन कप्पे करते. पहिला, निघण्याआधी जाणारा: व्हिसा फी (जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला ७५ युरो), विमा, तिकीट, कागदपत्रांचे साक्षांकन आणि भाषांतर. दुसरा, उतरल्यावर लगेच लागणारा, जो ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, कार्डावर आणि थोडा रोख असा हाताशी हवा. वरच्या उदाहरणात तो किमान १,५५० आणि वर दोन-तीन आठवड्यांचं खाणंपिणं. तिसरा, महिन्याचा चालू खर्च. डिपॉझिट मी खर्चात धरत नाही आणि शिल्लकीतही धरत नाही. ते परत मिळतं, पण खोली सोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. परतीच्या तिकिटासाठी त्यावर विसंबून राहू नका.

अमेरिकेला जाणाऱ्यांची साखळी वेगळी असते. तिथे एक्स्चेंजसाठी बहुधा जे-१ व्हिसा लागतो. विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, मग २२० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) आणि त्यानंतर व्हिसा मुलाखत. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथे उतरता येत नाही. त्यामुळे लवकर जाऊन निवांत खोली शोधू, हा बेत तारखा बघूनच करा. आरोग्य विमाही सक्तीचा, दर आजारपणामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण देणारा. ‘घेतलाय की प्रवास विमा’ म्हणून चालत नाही, पॉलिसीतला आकडा जुळावा लागतो.

खोलीबद्दल एकच, पण ठामपणे सांगते. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र यायच्या आधी भरता येत असेल तर आधी भरा. बाहेर शोधत असाल तर ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असा मेल आला की तिथेच थांबा. फोटो सुंदर, भाडं कमी आणि मालक कायम दुसऱ्या देशात, हा प्रकार जगभर एकाच साच्याचा आहे. खोली मिळालीच नाही तर पहिले दहा दिवस हॉस्टेलवर काढायचे पैसे दुसऱ्या कप्प्यात धरा.

कागद

पासपोर्टवरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि विमानाच्या तिकिटावरचं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. मधलं नाव एकीकडे असणं, आडनाव आधी येणं, एखादं अक्षर वेगळं असणं हे निघायच्या आदल्या आठवड्यात लक्षात येऊन काही उपयोग नसतो. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जाताना पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. मी तर सांगेन, एवढा काठावरचा पासपोर्ट घेऊन जाऊच नका. तिथे राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली तर नूतनीकरणाचं लचांड परदेशात मागे लागतं.

शिक्षणाचे दाखले कुठे कुठे ‘अपोस्टिल’ करून मागतात. कागद खरा असल्याचा, हेगमध्ये १९६१ साली झालेल्या कराराने ठरलेला हा शिक्का आहे, करारातल्या बहुतेक देशांत तो चालतो. सगळीकडे लागत नाही. मागितला नसेल तर उगाच पैसे घालवू नका.

फोटोंचंही असंच. युरोपात ३५ बाय ४५ मिलिमीटरचा चालतो, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच लागतो. चार जास्तीचे सोबत ठेवा, वजन शून्य. सगळ्या कागदांच्या प्रती मोबाइलमध्ये, मेलमध्ये आणि घरी एका माणसाकडे.

बॅग

एक्स्चेंजच्या बॅगेबद्दल सगळ्यांत उपयोगी गोष्ट मला वसतिगृहाच्या धुलाईखोलीत कळली. कपडे किती न्यायचे ते आपण किती महिने राहणार यावर ठरत नाही, किती दिवसांनी मशीन लावणार यावर ठरतं. बहुतेक जण आठवड्याने लावतात. म्हणजे आठ-दहा दिवसांचे कपडे पाच महिन्यांनाही पुरतात आणि वर्षालाही. त्यात सुकायला किती वेळ लागतो हे बघा. खोली लहान, बाहेर थंडी, दोरी नाही. जीन्स रेडिएटरवर टाकली तरी दुसऱ्या दिवशी कमरेच्या पट्टीत ओल लागते. पातळ, लवकर सुकणारं कापड वजनालाही हलकं. जीन्स एक, तीही अंगावर.

वजनाचं गणित आधी मांडून बघा. लांबच्या विमानात चेक-इन बॅग साधारण २३ किलोपर्यंत चालते आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. हातातल्या बॅगेला कुठे ७, कुठे ८, कुठे १० किलो. मोठी कडक सुटकेस रिकामीच चार-पाच किलो भरते, म्हणजे २३ मधला जवळजवळ पाचवा हिस्सा बॅगेनेच खाल्ला. लॅपटॉप, चार्जर मिळून दोन किलो हातातल्या बॅगेत. मग उरतं ते खरं सामान. बदलून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर त्या प्रवासातली सगळ्यांत लहान मर्यादा तीच तुमची मर्यादा. ती पकडूनच भरा. हुकाला अडकवून हातात धरायचा छोटा वजनकाटा मिळतो, तो घ्या. परतताना त्याची किंमत कळते.

पुढे काय न्यायचं हे ठरवताना मी प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारते. उतरल्यापासून ४८ तासांत हिच्यावाचून अडेल का? आणि तिथे ती मिळायला अवघड किंवा फार महाग आहे का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर वस्तू घरीच. शाम्पूची मोठी बाटली, हँगर, जाड पुस्तकं, वह्या, रजई, कुकर-कढईचा संसार हे सगळं या चाळणीत गळतं. चश्म्याची दुसरी जोडी, नंबरचा कागद, नेहमीची औषधं, एक पातळ टॉवेल, एक चादर, प्लगचं अडॅप्टर हे राहतं.

चादर का, ते सांगते. आमच्या वसतिगृहात किल्ली दिली, खोली उघडली. पलंगावर गादी, तीही प्लॅस्टिकच्या खोळीतली, आणि बाकी काही नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी उशिरा पोचलं तर सोमवार सकाळपर्यंत उशीही मिळत नाही. म्हणून पोचायचा वार बघून तिकीट काढा, आणि एक पातळ चादर बॅगेत वरच ठेवा. किल्ली घेताना जो कागद भरून घेतात त्यावर भिंतीवरचे ओरखडे, बेसिनचा टवका, खिडकीची सैल कडी सगळं लिहा आणि त्याच मिनिटाला फोटो काढा. डिपॉझिट कापायची वेळ येते तेव्हा हे फोटोच बोलतात.

थंडीचा कोट हा नेहमीचा वाद. माझं मत असं: हिवाळी सेमिस्टर असेल तर एक मध्यम जाड जॅकेट अंगावर घालून जा, खरा जाड कोट तिथे घ्या. सेमिस्टर बदलताना, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला, परतणारी एक्स्चेंजची मुलं कोट, भांडी, दिवे, सायकली मिळेल त्या भावाला काढून टाकत असतात. काही फुकटही देतात. नेमके त्याच वेळी तुम्ही पोचता. बॅग हलकी ठेवायचं हे सगळ्यांत मोठं कारण. ते सामान तिथे आहेच, फक्त तुमच्या हातात दोन-तीनशे युरोची मोकळीक हवी. जड बॅग नेणारा ही मोकळीक आधीच जादा वजनाच्या पावतीवर घालवून बसतो.

विजेच्या वस्तूंचं चटकन सांगते. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त प्लगचं अडॅप्टर लागतं. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, पाणी तापवायची किटली अशा वस्तूंवर हे बहुधा छापलेलं नसतं. युरोपात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. त्या वस्तू नेऊच नका. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंतची बहुतेक ठिकाणी चालते. नेहमीची २०,००० एमएएचची ३.७ व्होल्टला गुणून हजाराने भागली की ७४ वॅट-अवर होते, म्हणजे बसते. तिच्यावर आकडा छापलेला नसेल तर मात्र तपासणीत ठेवून घेऊ शकतात.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. जपानला जाणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यायचं. सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असणारं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तिथे नेता येत नाही, आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनची औषधं तर चिठ्ठी असली तरी नाहीच नाही. खाण्याच्या वस्तूंत, युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. घरून कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी कस्टम्सवाल्याला प्रेम दिसत नाही.

हातातल्या बॅगेत कायम: पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, भाडेकरार, औषधं, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे. मोठी बॅग मागे राहिली तर विमानतळ सोडण्याआधीच लेखी तक्रार नोंदवा. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार सामान खराब झालं तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. तोपर्यंत घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा.

बॅग भरून झाली की एक परीक्षा घ्या. सगळं सामान घेऊन, कुणाच्या मदतीशिवाय, दोन मजले चढा. स्टेशनवरची लिफ्ट बंद असते, वसतिगृह चौथ्या मजल्यावर असतं. एक हात मोकळा राहत नसेल तर काहीतरी काढा.

कार्ड आणि सिम

दोन वेगळ्या पेमेंट नेटवर्कची दोन बँक कार्डं न्या, एक पाकिटात, दुसरं खोलीत. आणि ओटीपीचा विचार आधी करा, कारण इथे बऱ्याच जणांचं गाडं रुततं. घरच्या बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर येतो; तो नंबर परदेशात बंद असेल तर पैसे खात्यात दिसतात आणि हलवता येत नाहीत. निघण्याआधी एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू करा किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून मान्यता द्यायची सोय करून घ्या, आणि एकदा छोटा व्यवहार करून बघा. दोन सिम चालणारा फोन असेल तर घरचं सिम ओटीपीला, तिथलं डेटाला. युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंगशिवाय चालतं, १५ जून २०१७ पासून. त्यामुळे फिरताना प्रत्येक देशात नवं सिम घ्यावं लागत नाही.

कार्ड स्वाइप करताना किंवा एटीएमवर मशीन विचारतं, ‘तुमच्या चलनात आकारू का?’ दरवेळी ‘नाही’ म्हणायचं, स्थानिक चलन निवडायचं. आपल्या चलनाचा आकडा दिसतो म्हणून बरं वाटतं, पण त्यात मशीनवाल्याने स्वतःचा दर लावलेला असतो. घरून पैसे मागवताना बँकेचे शुल्क कुणी भरायचं तेही ठरवावं लागतं. अर्धे-अर्धे ठेवलं तर वाटेतली बँक थोडी रक्कम कापते, आणि विद्यापीठाला पोचलेली फी नेमकी काही युरोंनी कमी भरते.

तिथे राहताना

पहिल्या महिन्याच्या खर्चावरून घाबरू नका आणि त्यावरून पुढचा अंदाजही बांधू नका. तो फुगलेलाच असतो. दुसऱ्या महिन्यापासून मी एक तारखेला भाडं, विमा, फोन बाजूला काढायचे आणि उरलेल्याचे चार आठवडे करायचे. महिन्याचं बजेट वीस तारखेला संपतं, तर आठवड्याचं फार तर शुक्रवारी. सावरायला सोपं.

फिरण्याचा कप्पा वेगळाच ठेवा. एक्स्चेंजला गेलेला माणूस फिरणारच, त्यात गैर काही नाही. पण दर शुक्रवारी कुणीतरी स्वस्त तिकीट दाखवतं आणि तिकीट खरंच स्वस्त असतं. बॅगेचे वेगळे पैसे, विमानतळ शहरापासून तासभर लांब, दोन रात्रींचं हॉस्टेल हे नंतर येतं. हलकी बॅग इथेही कामी येते. सीटखाली मावणारी पिशवी घेऊन फिरणाऱ्याला ते स्वस्त तिकीट तेवढ्यालाच पडतं. शेंगेन देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा परवाना असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येतं.

पत्ता नोंदवला की जर्मनीत काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी. ते प्रत्येक घरामागे असतं, त्यामुळे चौघांचा फ्लॅट असेल तर एकानेच भरून वाटून घ्यायचं. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून जाहिरात समजून टाकून देणारे पुष्कळ भेटले. शुल्क साचत राहतं.

काम करून खर्च काढू, या भरवशावर जाऊ नका. जपानमध्ये त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे. परवानगी मिळाली तरी भाषा येत नसताना एका सेमिस्टरात काम मिळून, पगार हातात येईपर्यंत परतायची वेळ होते.

निघताना

खोली सोडण्याची नोटीस किती आधी द्यायची ते करार सही करतानाच कॅलेंडरवर टाका. पत्त्याची नोंदणी रद्द करा आणि तो कागद जपा. रेडिओ-टीव्ही शुल्क, फोन, विमा हे सगळं बंद करायला तोच उपयोगी पडतो. बँक खातं मात्र एवढ्यात बंद करू नका. डिपॉझिट तिथेच यायचं असतं, आणि बाहेरच्या देशात पाठवायला घरमालक कुरकुर करतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये काही उरलं असेल तर ते सोडवून घ्यायचे कागदही तिथे असतानाच सुरू करा.

तुमचा कोट, दिवा, भांडी आता तुम्ही विकायला काढाल. शेवटच्या आठवड्यात काढलं तर फुकट द्यावं लागतं. तीन आठवडे आधी जाहिरात लावा, ‘अमुक तारखेपासून मिळेल’ असं लिहून. नवीन येणारी मुलं तेव्हाच शोधायला लागलेली असतात.

गुणपत्रक तयार व्हायला परीक्षेनंतर काही आठवडे जातात आणि ते बहुधा विद्यापीठाच्या ईमेलवर येतं. नावनोंदणी संपली की तो ईमेलही बंद होतो. निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला आपला कायमचा ईमेल लेखी कळवा, आणि विषयांचं अभ्यासक्रम-पत्रक, बदललेलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, क्रेडिटबद्दलचे सगळे मेल उतरवून घ्या. आपल्या विद्यापीठातली क्रेडिट समिती बसते तेव्हा हेच मागते.